आक्कांचा कॅप्टन

माझ्या थोरल्या जाऊबाई हिंदी बोलायच्या ते फक्त कुत्र्याशी. एरवी घरात त्यांचा आवाज फारसा ऐकू यायचा नाही. मामंजींशी पदराआडून दोन शब्द, माझ्याशी कामापुरतं, शेजारणींशी ‘व्हय’ नाहीतर ‘न्हाई’. पण सकाळी घरामागच्या परड्याचं दार उघडलं की तिकडून कडक आवाज यायचा, "क्याप्टन, इधर आव! बैठ जाव! मुंडी उप्पर!" नव्या माणसाला वाटायचं, घरात कुणी मिलिटरीवाला रजेवर आलाय. लग्न होऊन आल्यावर पहिल्या सकाळी मलाही तसंच वाटलं. मी घाईघाईने पदर डोक्यावर घेऊन बाहेर आले, तर आक्का उकिडव्या बसून मांजराएवढ्या एका कुत्र्याचे डोळे ओल्या फडक्याने पुसत होत्या.

"त्येला मराठी येत न्हाई," त्या मला म्हणाल्या. सासरच्या घरात त्यांनी माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

कॅप्टनला आणलं होतं थोरल्या दिरांनी. ते पलटणीत नायक होते. पूर्वेकडच्या डोंगरात कुठेतरी असताना तिथल्या एका म्हातारीकडून त्यांनी हे पिल्लू घेतलं आणि रजेवर येताना गरम कोटाच्या आत घालून, गाड्या बदलत बदलत कराडपर्यंत आणि तिथून एस्टीने आमच्या गावी आणलं. आमचं गाव आष्ट्यापासून कोसभर. तिथे असलं कुत्रं कुणी पाहिलेलं नव्हतं. रंग दुधाळ चहासारखा, नाक बसकं, आणि अंगावरचे लांब केस थेट डोळ्यांवर आलेले. पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे तो चालायला लागल्याशिवाय कळत नसे. दीर स्वतः नायक, म्हणून कुत्र्याचं नाव त्यांनी कॅप्टन ठेवलं. "घरात एक तरी माझ्या वरचा पायजे, न्हाईतर मी बिघडीन," असं ते म्हणायचे म्हणे.

मामंजींना हे सगळं थेर वाटे. ते उसाचे बागायतदार, तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवणारे नव्हेत. त्यांच्या हिशेबी कुत्र्याने मळ्यावर राहावं, रात्री भुंकावं आणि टाकलेली भाकरी खावी. हे कुत्रं घरात राहतं, त्याला वेगळी जर्मलची ताटली आहे, आणि ते म्हाताऱ्या माणसासारखं घोरतं, हे त्यांना पटायचं नाही. "ह्येचा राखणीला उपेग काय? चोर आला तर अंधारात त्येच्या पायाखाली गावून मरंल," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. कॅप्टन हे नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. ‘ते लोकरीचं’ म्हणायचे, आणि ते जवळ आलं की पाय वर घेऊन बसायचे.

आक्कांनी मात्र दिरांचा शब्द न् शब्द उचललेला होता. रजा संपायच्या आत त्यांनी बायकोला सगळं हाताला धरून शिकवलं होतं. सकाळी आधी डोळे पुसायचे. मग कानामागे केसांच्या गाठी झाल्या असतील त्या बोटांनी सोडवायच्या, फणी नंतर. पायाच्या बोटांमधे गोचीड आहे का बघायचं. खायला दूध-भाकरी कुस्करून, बिनमिठाची. गूळ औषधालासुद्धा नाही. आता गुऱ्हाळाच्या दिवसांत आमच्या गावातली सगळी कुत्री काहिलीभोवती गूळ चाटत फिरतात, कुणीही कॅप्टनपुढे गरम गुळाचा खडा टाकायचा. त्या दिवसांत आक्का त्याला कडेवर घेऊनच कामं करायच्या. एका हाताने भांडी घासणारी बाई मी तोपर्यंत पाहिली नव्हती. आणि उरलेली भांडी माझ्या वाट्याला यायची, म्हणून तेही कौतुक मला फार दिवस पुरलं नाही.

कुत्र्याला रोज फिरवायचं, असंही दिरांनी सांगून ठेवलं होतं. ते स्वतः घरी असले की गळ्यात पट्टा घालून त्याला चावडीपर्यंत मिरवून आणत. पण घरच्या सुनेने पट्ट्याला कुत्रं बांधून गावातून फिरायचं कसं? मग आक्कांनी परड्यातच सोय केली. कडब्याच्या गंजीभोवती त्या त्याला फिरवायच्या. डोक्यावर पदर, हातात पट्टा, पुढे ते लोकरीचं गाठोडं. गंजीभोवती एक गोल वाट पडली होती, तिच्यावर गवत उगवत नसे. पावसात पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन फिरायच्या, पण फिरायच्या.

थोरल्या दिरांना मी एकदाच नीट पाहिलं. माझ्या लग्नाला त्यांना सुट्टी मिळाली नव्हती. नंतर गणपतीत आले. बुटका, हसरा माणूस. त्यांच्यापुढे आक्का वेगळ्याच दिसायच्या. दोघं परड्यात बसून कॅप्टनला आंघोळ घालायचे आणि आक्का मोठ्याने हसायच्या. तो हसण्याचा आवाज मला आजही आठवतो, कारण नंतर तो ऐकला नाही. जाताना दीर एस्टीत चढले, तेव्हा कॅप्टन आक्कांच्या कडेवर होता. खिडकीतून वाकून ते आक्कांना काहीतरी म्हणाले. गाडी हलली होती, मला ऐकू आलं नाही. आक्कांनी मान डोलावली.

मग डिसेंबरात लढाई झाली. लढाई संपली, गावातली आणखी पोरं होती त्यांची खुशाली आली, आणि आमच्याकडे तार आली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, साताऱ्याची, अकरावीपर्यंत शिकलेली. ती मलाच वाचावी लागली. मामंजी ऐकून सोप्याच्या पायरीवर बसले ते बसलेच. आमचे हे खांबाला टेकले. आक्का आतल्या दारात उभ्या होत्या.

"बेपत्ता म्हंजी?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे आक्का... ते सापडत नाहीत."

"मग सापडतील की," त्या म्हणाल्या आणि परड्यात गेल्या. थोड्या वेळाने मी मागे जाऊन बघितलं, तर त्या कॅप्टनचे कान साफ करत होत्या. मी जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तर म्हणाल्या, "जरा सरक, उजेड येऊ दे."

त्यानंतर त्या रडल्या नाहीत. गावातल्या बायका भेटायला यायच्या, गळा काढायच्या आणि आक्कांच्या तोंडाकडे बघून आपलं आपणच थांबायच्या. बाहेर पडताना म्हणायच्या, "दगडाची हाय बया. दादल्याचा पत्ता न्हाई आन् कुत्र्याच्या भांगाचं कवतिक चाललंय." मला विचाराल तर दगड वगैरे काही नव्हतं. हिवात पाण्यात काम करताना हात बधिर होतात, मग चटका बसला तरी कळत नाही, तसं ते होतं. त्या खायच्या, झोपायच्या, दळायच्या, कुंकू लावायच्या. कुणी विचारलं, "कसं काय आक्का, बरं हाय का?" तर उत्तर ठरलेलं. "क्याप्टनचं आवरलं. तेवढं झालं." पुढे पुढे आम्हीसुद्धा तशीच झालो. मामंजी पेपरातली युद्धकैद्यांची बातमी वाचून घ्यायचे, पुढे तेही थांबलं. घरात कुणी त्यांचं नाव काढेना. सणाला पुरण शिजायचं, आणि ते कशाला शिजवलं हेच खाताना आठवायचं नाही.

दुष्काळाच्या वर्षी आमचा आड तळाला गेला. माणशी एक घागर आंघोळीला, असं मामंजींनी ठरवून दिलं. कॅप्टनला दर रविवारी कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ लागायची, नाहीतर अंगाला खाज सुटायची. मामंजी ओरडले, "मान्सं तहानलीती आन् त्या लोकरीच्याला अंगूळ?" रविवारी त्यांनी आपली घागर कॅप्टनला घातली आणि स्वतः नुसते हातपाय पुसून स्वैपाकाला लागल्या. मग दर रविवारी तेच. मामंजींच्या ते लक्षात आलं तेव्हा आंघोळीच्या पाण्यावरून त्यांनी पुन्हा तोंड उघडलं नाही. एका रविवारी तर स्वतःची घागर परड्याच्या दाराशी ठेवून मळ्यावर निघून गेले. कुणासाठी ठेवली, ते सांगितलं नाही.

एकदा कॅप्टनच्या कानात गवताचं कुसळ शिरलं. तो मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागला आणि खाईना. आक्का मला म्हणाल्या, "चल." आम्ही दोघी एस्टीने आष्ट्याला जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथे म्हशींची रांग. त्या रांगेत दोन सुना, आणि एकीच्या पदराखाली कुत्रं. लोक बघायला जमले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण आक्का समोरच्या म्हशीच्या शेपटाकडे बघत शांत उभ्या. डॉक्टरांनी चिमट्याने कुसळ काढलं, औषध घातलं आणि म्हणाले, "झालं बाई. न्या."

आक्का हलेनात. "आवं डॉक्टर, ऐकू येतंय न्हवं त्येला?"

"येतंय की. का हो?"

"त्यास्नी वळखाया पायजे. लांबनं हाक आली की वळखाया पायजे."

डॉक्टरांना काही कळलं नाही. मला कळलं. एस्टीत बसल्यावर मी खिडकीबाहेर तोंड करून बसले, कारण ज्याच्याबद्दल आम्ही घरात बोलणं सोडलं होतं, तो माणूस या बाईच्या लेखी अजून वाटेवर होता.

लढाईला चार-पाच वर्षं झाली, तेव्हा सांगलीच्या कचेरीतून माणूस आला. सरकारने दिरांना मयत धरलं आहे, असं त्याने सांगितलं. मामंजी त्या वर्षी खूप थकले होते. त्यांनी भावकी बोलावली. "माजं काय आता खरं न्हाई," ते म्हणाले. "पोराचं दिस घातल्याबिगर मी जानार न्हाई. त्येचा जीव कुटं आडाकला आसंल तर सुटू दे." कुणी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बाप म्हणत होता. प्रश्न होता आक्कांचा. त्यांनी कुंकू पुसायला हवं होतं. चुलत सासूबाईंनी ते समोर बसून सांगितलं.

आक्का कॅप्टनला विंचरत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "कावळा शिवू दे. शिवला तर मी मानीन. न्हाई शिवला तर ह्येच्यावर पुन्यांदा कुनी बोलायचं न्हाई." जमलेल्या लोकांनी मामंजींकडे पाहिलं. ते म्हणाले, "कबूल."

जिथे देह नसतो तिथे पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी देतात. तसा दिला. दहाव्या दिवशी सगळे कृष्णेच्या काठी गेलो. आक्कांनी कॅप्टनला बरोबर घेतलं होतं. "तिथं कुत्रं कशाला?" कुणीतरी म्हणालं. त्या बैलगाडीत चढून बसल्या.

पिंड ठेवला. समोरच्या चिंचेवर कावळे बक्कळ होते, पण एक खाली उतरेना. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. जाणाऱ्याचा जीव कशात तरी गुंतलाय, तर त्याला भरवसा द्यायचा. मामंजी पुढे झाले. "शंकरा, तुजी मळ्यातली हीर आर्धी ऱ्हायलीया, ती पुरी बांदून घितो." कावळा नाही. आमचे हे रडत म्हणाले, "दादा, वयनीला अंतर देनार न्हाई. आयुष्यभर बघीन." कावळा नाही. भावकीतला एकेक जण उठून बोलत गेला. कुणी बांधाचं भांडण मिटवतो म्हणाला, कुणी देवीची राहिलेली यात्रा करतो म्हणाला. ऊन चढलं. कावळे चिंचेवर बसून माणसांकडे बघत होते.

आक्का घाटाच्या वरच्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर कॅप्टन. मी शेजारी. एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. मी त्यांच्या कानाशी वाकले. "आक्का, तुम्ही म्हणा. कॅप्टनला सांभाळीन म्हणा. त्यांचा जीव त्याच्यात असेल."

"ठाव हाय मला," त्या म्हणाल्या.

"मग म्हणा की!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्या डोळ्यांत पहिल्यांदा काहीतरी हललेलं मी पाहिलं, आणि ते भय होतं. "म्हटलं आन् कावळा आला तर?"

मी मागे सरून बसले. आम्ही दोघी त्या पायरीवर बसून कावळा येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून होतो, आणि खाली सगळं गोत तो यावा म्हणून हात जोडून उभं होतं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, थोडा वेळ आणखी. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला होता. दर्भाचा कावळा लावून विधी उरकतात, पण आक्कांच्या लेखी तो शिवणं धरलं जाणार नव्हतं, हे मला माहीत होतं. दर्भाची गाठ मारली की आक्का सुटत होत्या.

तेवढ्यात मामंजी पुन्हा पुढे गेले. त्यांना धड उभं राहता येत नव्हतं, आमच्या ह्यांनी दंड धरला होता. त्यांनी एकदा वळून पायरीकडे पाहिलं. सुनेकडे नव्हे, तिच्या मांडीवरच्या कुत्र्याकडे. मग पिंडापुढे हात जोडले.

"शंकरा," ते म्हणाले, "तुज्या क्याप्टनला मी सांभाळतो. पोटच्या पोरागत सांभाळतो. तू जा बाबा."

शब्द संपायच्या आत चिंचेवरून एक कावळा सुटला, सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

"शिवला! शिवला!" घाटावर एकच गलका झाला. लोकांचे श्वास मोकळे झाले. मामंजी ढसाढसा रडायला लागले, त्यांना चारजणांनी खाली बसवलं. म्हाताऱ्याने काय वाईट केलं? आपल्या लेकाला सोडवलं. मी तेव्हाही त्यांना बोल लावला नाही आणि आजही लावत नाही. पण त्या क्षणी सगळे कावळ्याकडे बघत होते आणि आक्कांकडे कुणीच बघत नव्हतं.

आक्का उठल्या. कॅप्टनला खाली ठेवला. पायऱ्या उतरून मामंजींजवळ गेल्या आणि पट्ट्याचं टोक त्यांच्या ओल्या हातात दिलं.

"घ्या मामंजी."

मामंजींना उमजेना. "आगं, मी आपलं त्येच्यासाटनं बोललो. सांभाळायचं तूच की आता."

"न्हाई मामंजी," आक्का म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, कामाचा. "मला ‘मी येईस्तवर सांभाळ’ म्हनालं हुतं."

त्या पाण्यात उतरल्या. तोंड धुतलं. वर आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं. ते कुणाला सांगावं लागलं नाही.

परत येताना गाडीत मामंजींच्या मांडीवर कॅप्टन बसला होता. मामंजी पट्टा दोन्ही हातांनी धरून होते, तो पळून जाईल अशा भीतीने. आक्का गाडीत बसल्या नाहीत, सगळी वाट पुढे चालत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा आक्का झोपलेल्या होत्या. उजाडल्यावर त्यांना झोपलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. परड्यातून मामंजींचा आवाज येत होता, "बस रं, बस की बाबा, डोळं पुसतू," आणि कॅप्टन काही ऐकत नव्हता. मी आक्कांना उठवलं नाही. झाडलोट केली, दळण केलं, भाकऱ्या थापल्या. उन्हं कलायला लागली तेव्हा त्या उठल्या, चूळ भरली आणि चुलीपुढे येऊन बसल्या. मी ताट वाढलं. त्यांनी एक घास घेतला, तो तोंडातच राहिला.

"सैपाक करून वाट बघत बसायची मी, रजा जवळ आली की," त्या म्हणाल्या. "कवा येतील सांगता येत न्हाई म्हनून. आन् ही पाच वरसं रोज दोन भाकरी जास्त टाकल्या गं."

आणि मग त्या रडल्या. ताट बाजूला सारून, जमिनीवर हात टेकून, लहान पोरीसारख्या तोंड उघडं टाकून रडल्या. मी त्यांना धरलं आणि मीही रडले, जेवढं पाच वर्षांत रडायचं राहिलं होतं तेवढं. बाहेर मामंजी दारापर्यंत आले, उभे राहिले आणि परत गेले. तार आली होती लढाईच्या वर्षी, सरकारने मयत धरलं त्यानंतर कितीतरी वर्षांनी, कावळा शिवला आदल्या दिवशी. पण आमच्या घरात थोरले दीर वारले ते त्या दुपारी, चुलीपुढे.